गाठ लागली हाताला, पुढे काय?

जुलै २०२५च्या पावसाळी अधिवेशनात हिंगोलीचा विषय निघाला आणि मथळे झाले: जिल्ह्यातल्या साडेचौदा हजार महिलांमध्ये कर्करोगासारखी लक्षणं. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधानसभेत दिलेला तपशील असा होता. 'संजीवनी' अभियानात २ लाख ९२ हजार ९९६ महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली, १४ हजार ५४२ जणींची लक्षणं संशयास्पद वाटली आणि पुढच्या तपासणीत तिघींना गर्भाशयमुखाचा, आठ जणींना तोंडाचा आणि एकीला स्तनाचा कर्करोग असल्याचं नक्की झालं. साडेचौदा हजारांनी लोक हादरले. हादरायला हवं होतं ते त्या शेवटच्या एकच्या आकड्यानं.

हिशेब साधा आहे. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्यानं स्तनाचा कर्करोग होतो आणि ९८ हजारांवर जणी त्यानं दगावतात. म्हणजे लाख बायकांमागे वर्षाला अठ्ठावीसच्या आसपास नवे रुग्ण. खेड्यांत हे प्रमाण शहरांपेक्षा कमी असतं, म्हणून हिंगोलीसाठी निम्मं धरू. तरी जवळपास तीन लाख बायकांत वर्षभरात चाळीसेक जणी निघायला हव्यात. आधीपासून गाठ घेऊन वावरणाऱ्या वेगळ्याच. सापडली एक. तपासण्या पुढे चालू राहिल्या असतील, आकडा नंतर वाढला असेल, हे मान्य. इतक्या बायकांना दारात जाऊन विचारलं, याचं श्रेयही त्या जिल्ह्याला द्यायलाच हवं. पण बाकीच्या एकोणचाळीस जणी कुठे आहेत? त्याच गावांत आहेत, सोयाबीन खुरपतायत, हळदीला माती लावतायत. वर्ष-दीड वर्षानं त्या नांदेडला नाहीतर थेट मुंबईला पोचतील, तेव्हा काखेतही अवधाण आलेलं असेल.

लवकर निदानाबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक जागृती आणि यंत्रं या दोन गोष्टींभोवती. बायका अडाणी आहेत, लाजतात, म्हणून उशिरा येतात. आणि जिल्ह्याजिल्ह्यात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नाही, म्हणून सापडत नाही. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण महाराष्ट्रातली खरी अडचण निराळी आहे, असं मला वाटतं. हात लावून नीट तपासणारी प्रशिक्षित बाई गावाजवळ नाही, आणि गाठ लागलीच तर थोड्या दिवसांत तिचा तुकडा तपासून 'आहे' किंवा 'नाही' असं सांगणारी सोय नाही. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर बाकीचं सगळं फ्लेक्सवर शोभतं.

यातला पहिला भाग चालू शकतो, हे सिद्ध करायला परदेशात जायची गरज नाही. तो पुरावा मुंबईच्याच वस्त्यांनी दिलाय. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मुंबईतल्या गरीब वस्त्यांचे वीस गट पाडून काम सुरू केलं. वय ३५ ते ६४च्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातानं स्तन तपासले. उरलेल्या गटांत फक्त माहिती दिली आणि लक्ष ठेवलं. या सेविका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. साधारण दहावी झालेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका. वीस वर्षं पाठपुरावा करून निष्कर्ष २०२१मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. तपासणी झालेल्या गटांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७वर आलं. स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू एकूणात १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ही घट ठामपणे उभी राहत नव्हती. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र ती जवळपास ३० टक्के होती. पन्नाशीच्या आतल्यांत फारसा फरक नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली आहे. निम्म्या बायकांना तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का, हा वाद बरीच वर्षं चालला आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. वयोगटानुसारचा निष्कर्ष मागाहून केलेल्या विश्लेषणातला आहे, त्यामुळे तो डोळे झाकून घ्यायचा नाही. तरीही दहावी शिकलेल्या बाईच्या बोटांनी मरण लांबवता येतं, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतकी वर्षं मोजून दाखवणारं काम जगात दुसरं सहज सापडणार नाही. ते आपल्या राज्यात झालं. आणि त्याच राज्यात प्रश्नावली भरून घेण्याला आपण तपासणी म्हणतो.

ही हाताची तपासणी असते कशी? बाईला कमरेपर्यंत कपडे काढून आधी बसवायचं, हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. या तीन स्थितींत नुसतं बघायचं: दोन्हींच्या आकारात फरक पडलाय का, कुठे त्वचा आत ओढल्यासारखी दिसते का, बोंड आत गेलंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत झालीय का. मग आडवं झोपवून त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायला सांगायचा. तपासणाऱ्या बाईनं मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, लहान लहान गोल फिरवत गळ्याच्या हाडापासून छातीखालच्या रेषेपर्यंत उभ्या पट्ट्यांत जायचं. प्रत्येक जागी आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत खोल. शेवटी काख, गळ्याच्या हाडाच्या वरची खोबण. नीट केलं तर पाच-सात मिनिटं लागतात. घाईत केलं तर अर्धं मिनिट लागतं आणि काहीच सापडत नाही.

आता हेच उपकेंद्रात होताना डोळ्यांसमोर आणा. एकच खोली, तिथंच लसीकरण, तिथंच गोळ्यांचा कपाट, खिडकीला पडदा असला तर नशीब. दारात बीपीची रांग. आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी लागली, पण समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आलेला डॉक्टर अनेक ठिकाणी पुरुष आहे, आणि त्याच्यापुढे गावातली बाई ब्लाउजचं बटण काढणार नाही. त्यात तिची काही चूक नाही. मग नर्सबाई उरते. तिच्या माथी गरोदर बायका, लसी, ऑनलाइन नोंदी, दर महिन्याचा अहवाल. आशाताई दारोदार जाऊन जो फॉर्म भरतात त्यात 'छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झालाय का' असे प्रश्न असतात. एका फॉर्ममागे तिला १० रुपये मिळतात. सासू समोर बसलेली असते, नवरा बाजेवर पडलेला असतो, आणि छातीबद्दल विचारलं जातं. उत्तर 'नाही' येतं. रकाना भरला जातो.

सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी अशी हातानं तपासणी व्हायला हवी. २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत तसं लिहिलेलं आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं, आयुष्यात कधीतरी स्तनाची तपासणी झालीय का? देशभरात 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. त्यानंतर सरकारी पोर्टलवर कोट्यवधींची तपासणी झाल्याचे आकडे आले. काळ बदलला, वेग वाढला, हे धरूनही मला तो फरक पचत नाही. पोर्टलवर 'तपासणी' म्हणजे नेमकं काय झालं, बोटं लागली की पेन चाललं, हे कुणी वेगळं मोजत नाही.

वयाचाही मुद्दा आहे, आणि इथे माझं मत अनेक डॉक्टरांना पटणार नाही. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानानं साधारण दहा वर्षं आधी गाठतो, चाळिशीतल्या बायका मोठ्या संख्येनं सापडतात, म्हणून तिशीपासून तपासा, हे म्हणणं चुकीचं नाही. पण हात मोजकेच असतील तर सुरुवात कुठून करायची? मुंबईचा अभ्यास पन्नाशीकडे बोट दाखवतो. आणि नेमक्या याच बायका आरोग्य खात्याला दिसत नाहीत. खात्याची बाईशी ओळख असते ती गरोदरपणापुरती: नोंदणी, टीटी, बाळंतपण, बाळाच्या लसी, मग कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. एकदा ऑपरेशन झालं की ती वहीतून बाहेर. पंचविशी-तिशीत ऑपरेशन झालेली बाई पुढची वीस-पंचवीस वर्षं कुठल्याच यादीत नाही. पन्नाशीला पोचेपर्यंत ती घरात आजी झालेली असते, आणि आजीच्या छातीची तपासणी हा घरात कुणाच्याच बोलण्यातला विषय नसतो. जी काही प्रशिक्षित बोटं आहेत ती आधी पंचेचाळीस-पन्नासच्या पुढच्यांकडे वळवावीत. तरुणींसाठी दार उघडं राहावं, तक्रार असेल तर वय न विचारता तपासावं. पण घरोघर शोधायला जायचं ते या आज्यांना.

बायका उशीर करतात, हे खरंच आहे. पण का करतात? सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. आपल्याकडे दुखण्यावरून आजाराचं माप काढतात. दुखत नाही म्हणजे काही नाही. गुडघे दुखतात म्हणून हीच बाई तीनदा दवाखान्यात जाऊन आलेली असते. गाठ मात्र सहा महिने अंगावर काढते. सिव्हिलला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं, त्याचीही बुडते. केसपेपर काढेपर्यंत अकरा वाजतात, सोनोग्राफीला पुढची तारीख मिळते. दुसऱ्यांदा जायला घरातून पैसे मागायचे तर कारण सांगावं लागतं. 'नंतर बघू' हे अडाणीपण नाही, तो तिनं मांडलेला हिशेब आहे, आणि तिच्या बाजूनं बघितलं तर तो फारसा चुकलेलाही नाही.

म्हणून ऑक्टोबर महिना आला की माझी थोडी चिडचिड होते. गुलाबी फिती, गुलाबी रोषणाई, कंपन्यांच्या इमेलखाली गुलाबी चिन्ह आणि 'ताई, महिन्यातून एकदा आरशासमोर स्वतःला तपास' असा सल्ला. स्वतःच्या शरीराची ओळख असावी, बदल झाला तर कळावा, यात वाईट काही नाही. पण या सल्ल्यावर मोठा प्रयोग होऊन गेलाय. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. निम्म्यांना स्व-तपासणी शिकवली, सराव करून घेतला. २००२मध्ये निकाल आला: मृत्यूंत फरक नाही, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. तरीही आपली अर्धी जागृती मोहीम याच सल्ल्यावर उभी आहे, कारण तो फुकट आहे. जबाबदारी बाईवर टाकली की खात्याला काही करावं लागत नाही, आणि उशीर झाला तर दोषही तिचाच.

मॅमोग्राफीवर मी थोडक्यातच बोलेन, कारण ती चर्चा शहरी घरांत आधीच भरपूर होते. पन्नाशीच्या पुढे ती उपयोगी आहे. ब्रिटन पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी करतं, अमेरिकेत २०२४पासून चाळिशीपासून दर दोन वर्षांनी करायला सांगतात. ज्या बाईला परवडतं, जवळ चांगलं केंद्र आहे, तिनं पन्नाशीनंतर जरूर करावी; आई-बहिणीला हा आजार झाला असेल तर त्याहून आधी डॉक्टरांशी बोलावं. पण तरुण स्तनांची घडण दाट असते, फिल्मवर सगळं पांढरं दिसतं आणि त्यात गाठ लपते. शिवाय कधीच त्रास न देणारे बारीक कर्करोगही सापडतात आणि त्यांच्यावर पूर्ण उपचार होतात. साऱ्या राज्यासाठी म्हणाल, तर फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्याला नाही, मग यंत्र कशाला? पुण्या-मुंबईत पंचविशीच्या मुलींना विकल्या जाणाऱ्या 'कॅन्सर मार्कर'वाल्या रक्ततपासणीच्या पॅकेजांबद्दल तर काय बोलावं. सीए १५-३ ही तपासणी आजार शोधण्यासाठी नाहीच. ती वाढलेली आली की घाबरायचं, नॉर्मल आली की बिनधास्त राहायचं, दोन्ही चूक.

एक गोष्ट मात्र शहरातल्या शिकलेल्या घरांतही समजावून सांगावी लागते. हाताला गाठ लागत असेल तर मॅमोग्राम नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. हाताची तपासणी, चित्र आणि सुई, या तिन्हींचं एकमत व्हावं लागतं. एकानं जरी शंका काढली तर सुई हवीच.

भीतीचं काय होतं, हेही महाराष्ट्रानं बघितलंय. २०१९मध्ये बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यातल्या कितीतरी जणींना 'पिशवीला कॅन्सर होईल' असं सांगून टेबलावर घेतलं होतं. कर्करोग शोधण्याची मोहीम जेव्हा नियमन नसलेल्या बाजारात उतरते तेव्हा हे होतं. म्हणून 'साडेचौदा हजारांत लक्षणं' असा मथळा मला धोकादायक वाटतो. ज्या बाईच्या नावापुढे 'संशयित' लागलं आणि पुढे महिनाभर कुणी फिरकलं नाही, ती कुठे जाईल? जवळच्या खासगी दवाखान्यात. तिथे काय होईल ते डॉक्टरच्या सचोटीवर.

आता दुसरा भाग, गाठ लागल्यानंतरचा. माझ्या मते सगळ्यात जास्त आयुष्यं इथे सांडतात, आणि जाहिरातीत याचा उल्लेख नसतो. गाठ घेऊन बाई आधी ज्या डॉक्टरकडे जाते तो बऱ्याचदा 'दुधाची गाठ आहे' म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स देतो. बाळ अंगावर पीत असेल तर तेही बरोबर असू शकतं, पण दोन आठवड्यांत गेली नाही तर पुढे पाठवायला हवं, ते राहून जातं. मग कुणी मालिश सांगतं, कुणी झाडपाला. त्याहून वाईट म्हणजे तालुक्याचा सर्जन गाठ सरळ कापून काढतो आणि तिचा तुकडा तपासायलाच पाठवत नाही. 'काढून टाकली, आता काळजी नाही.' आठ महिन्यांनी त्याच जागी परत येते, तेव्हा आधी काय होतं याचा कागद नसतो, आणि मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना अर्धवट खणलेल्या जमिनीवर नव्यानं काम करावं लागतं. आणि सुईची भीती वेगळी. 'सुई लावली की पसरतो' हे वाक्य मी गावात ऐकलंय, तसंच कोथरूडच्या सोसायटीतही ऐकलंय. पसरत नाही. जाड सुईनं काढलेल्या शेवयाएवढ्या तुकड्यावरच पुढचं सगळं ठरतं: कर्करोग आहे का, हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, हर-टू या प्रथिनाच्या तपासणीवरून वेगळं औषध लागेल का.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जी चौकट मांडली तिच्यात तीन मापं आहेत. साठ टक्क्यांहून जास्त रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत. बाई तक्रार घेऊन आल्यापासून साठ दिवसांत निदान पूर्ण व्हावं. आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त जणींनी उपचार पुरे करावेत. यात 'किती जणींची तपासणी केली' हे माप नाही. आपल्याकडे नेमकं तेवढंच जाहीर होतं. किती शिबिरं, किती लाभार्थी, किती फिरत्या गाड्या. कुठल्या जिल्ह्यात गाठ सांगितल्यापासून तुकड्याचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत किती दिवस लागतात, हे एकाही जिल्हाधिकाऱ्याच्या आढाव्यात विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारलं, दर महिन्याला तालुकावार लावलं, तर यंत्रणा आपोआप तिकडे वळेल. सरकारी यंत्रणा ज्याचा आढावा होतो तेच काम करते, हे तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला वार गाठींसाठी ठेवता येईल. बाजाराचाच वार ठेवावा, म्हणजे बाईला घरी वेगळं कारण सांगावं लागणार नाही. त्या दिवशी बाई डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स, सोनोग्राफी, आणि जाड सुईनं तुकडा घेऊ शकेल असा एक सर्जन. पॅथॉलॉजिस्ट तालुक्याला असण्याची गरज नाही. तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत जिल्ह्याला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाला जाऊ शकतो. क्षयरोगाच्या कार्यक्रमात थुंकीचे नमुने गावाहून प्रयोगशाळेत जातात, रुग्णाचं नाव पोर्टलवर चढतं, औषध चुकलं तर आरोग्यसेवक दारात येतो. हेच कर्मचारी, हेच रस्ते, हीच गाडी. बाईनं चार वेळा प्रवास करण्याऐवजी बाटलीनं एकदा करावा. रिपोर्ट आला की आशाताईला फोन, आणि फॉर्मच्या १० रुपयांऐवजी बाईला निदानापर्यंत पोचवल्याचे चांगले पैसे. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर झालं, ते चांगलंच आहे. पण तिथे केमो घ्यायला पोचायच्या आधी निदान व्हावं लागतं.

हे सगळं ग्रामीण महाराष्ट्रात जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी बार्शीला जाऊन यावं. १९८७मध्ये तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी करायची तर रुग्ण शोधायला हवेत, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, सरपंच, शिक्षक यांच्याशी बोलले, लक्षणं सांगितली, संशय असेल तर या म्हणाले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. महागडं यंत्र त्यात नव्हतं. फिरून येणारी माणसं होती, आणि आलेल्या बाईला तपासणारं, तिला परत न पाठवणारं रुग्णालय होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याला जमलं ते राज्याला जमू नये?

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो सरकारी डॉक्टरांकडूनच येतो: एवढ्या गाठी शोधल्या तर लोंढा येईल, आधीच परळला टाटा रुग्णालयात फाईल काढायला रांग आहे. हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात, फायब्रोएडिनोमा नाहीतर पाण्याच्या. त्या तालुक्यालाच निकालात निघतील, तर मोठ्या रुग्णालयांची रांग उलट कमी होईल. राहिले खरे कर्करोग. ते शोधले नाहीत म्हणून होत नाहीत असं थोडंच आहे? त्या बायका परळला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला येणारच आहेत, फक्त तिसऱ्या टप्प्यात. भारतात या आजारात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण २०१० ते १४च्या रुग्णांत ६६ टक्के होतं, अमेरिकेत ९०. हा सगळाच फरक औषधांचा नाही. त्यातला मोठा वाटा बाई कुठल्या टप्प्यात पोचली याचा आहे. दोन सेंटिमीटरची, हार्मोनला दाद देणारी गाठ असेल तर बऱ्याचदा स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पाच वर्षं रोज एक स्वस्त गोळी, यावर काम भागतं. तीच गाठ त्वचेत उतरून आली तर आधी सहा-आठ केमो, मग स्तन काढणं, मग रेडिएशन, मग गोळ्या, आणि एवढं करूनही खात्री नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून दोन्हींचा खर्च शासनच करतं. दुसऱ्या बाईवर तो कितीतरी पट जास्त होतो, आणि त्यातल्या फरकाच्या रकमेत तालुक्याला एक नर्स, एक सोनोग्राफीचा वार आणि बाटल्या पोचवणारी गाडी सहज बसते.